भाकड गाईचा भाव कोण देणार?

२०२५च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजारांत एक आगळाच बहिष्कार पाहायला मिळाला. विकणारे होते, घेणारे गायब. जनावरांच्या आणि मांसाच्या व्यापारातल्या कुरेशी समाजाच्या संघटनांनी ठरवलं की आता मोठं जनावर विकतच घ्यायचं नाही. गाय-बैल तर सोडाच, म्हैस आणि रेडासुद्धा नाही. त्यांची तक्रार साधी होती. ज्या जनावराची कत्तल कायद्याला मान्य आहे तेसुद्धा बाजारपावती आणि डॉक्टरचा दाखला घेऊन नेताना रस्त्यात गाडी अडवली जाते, चालकाला मार बसतो, जनावरं जातात आणि वर गुन्हाही आपल्यावरच दाखल होतो. मग धंदा करायचा कशाला?

व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि बोंब उठली ती शेतकऱ्यांची. भाकड म्हशीला गिऱ्हाईक मिळेना, आणि ती गेल्याशिवाय नवी दुभती घ्यायला पैसा हाती येईना. सत्ताधारी महायुतीतलेच आमदार सदाभाऊ खोत गोरक्षकांच्या विरोधात उघड बोलायला लागले. गाड्या तपासायचा अधिकार फक्त पोलिसांना आहे, इतर कुणाला नाही, असं उपमुख्यमंत्री अजित पवारांना बैठक घेऊन सांगावं लागलं. कायद्यात आधीपासून असलेली गोष्ट उपमुख्यमंत्र्याने नव्याने सांगायची वेळ यावी, यातच काय ते आलं.

या बहिष्काराने एक काम मात्र चोख केलं. गोवंश हत्याबंदीवरचा आपला वाद दहा वर्षं दोनच खुर्च्यांवरून चालला होता. एका खुर्चीवर श्रद्धा, दुसरीवर कुणी काय खावं याचं स्वातंत्र्य. टीव्हीवर दोघांची जुंपायची. ज्याच्या दावणीला ते जनावर बांधलेलं असतं, त्याला तिसरी खुर्ची कुणी दिलीच नाही. माझं म्हणणं त्या तिसऱ्या माणसाच्या बाजूने आहे. समाजाला भाकड जनावर मरेपर्यंत पोसायचं असेल तर समाजाने ते त्याच्याकडून रोख भाव देऊन विकत घ्यावं. आज आपण जनावराची किंमत कायद्याने काढून घेतली आहे आणि वैरणीचं बिल शेतकऱ्याच्या नावावर ठेवलं आहे. हे गोरक्षण दुसऱ्याच्या खर्चाने चाललं आहे.

थोडा मागचा हिशेब. महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा १९७६चा. त्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, पण शेतीला निकामी झालेला बैल दाखला घेऊन कत्तलखान्यात जाऊ शकत होता. युती सरकारच्या काळात, १९९५मध्ये, विधिमंडळाने बैल आणि वळूंवरही बंदी आणणारी दुरुस्ती मंजूर केली. ती जवळपास वीस वर्षं दिल्लीत पडून राहिली आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर मार्च २०१५मध्ये लागू झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यात कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायला लावणारं कलम रद्द केलं.

म्हणजे गाईपुरती बंदी जुनीच होती, हे मान्य. भाकड गाय तेव्हाही विकली जायचीच. कुठे जायची हे विकणाऱ्याला ठाऊक असायचं, घेणाऱ्याला ठाऊक असायचं आणि नाक्यावरच्या हवालदारालाही. त्या डोळेझाकीवर सगळा दुधाचा धंदा उभा होता. हे दांभिक होतं, यात वाद नाही. २०१५नंतर दांभिकपणा गेला नाही, तो महाग झाला. शिवाय बैलाच्या विक्रीचा उघड, कायदेशीर रस्ता बंद झाला तो झालाच.

ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं जवळून सांगतो. सांगोल्याला रविवारी, चाकणला शनिवारी, बेल्ह्याला सोमवारी. घेणारा आधी जनावराचं तोंड उघडतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, म्हणजे वय किती, हे दातांवरून ठरतं. मग गाय असेल तर कास चाचपायची, चारही सडांतून धार काढून बघायची, एखादा सड दगडी झालाय का ते पाहायचं. जुना हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, अजूनही रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करतो, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. सौदा झाला की विसार, मग पावती, मग दावं हातात. या सगळ्यात एक आकडा कुणी उच्चारत नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात असतो: हे जनावर उद्या काहीच कामाचं राहिलं नाही, तर याचे कमीत कमी किती येतील?

तोच आकडा बाजाराचा तळ असतो. समजा एखाद्याने ऐंशी हजारांची दुसऱ्या वेताची होल्स्टिन गाय घेतली. चार-पाच वेतं दूध दिल्यावर ती उलटायला लागली, गाभण राहीना, किंवा कासदाहाने दोन सड गेले. पूर्वी तिचे पंधरा-वीस हजार यायचे. त्यात थोडी भर घालून पुढची कालवड दारात यायची. आता ते पंधरा-वीस हजार गेले, इतकंच झालेलं नाही. तिला विकता येत नाही म्हणून ती दावणीला उभी राहते आणि रोज खाते. गोशाळेत सोडायला जावं तर बऱ्याच ठिकाणी आधी देणगीची पावती फाडावी लागते. ट्रॅक्टर जुना झाला तर निदान भंगारात जातो. इथे भंगारात काढण्यासाठी मालकालाच पैसे मोजावे लागतात. मग रात्री पिकअपमध्ये घालून तिला चार गावं सोडून हायवेला उतरवणं हा उरलेला स्वस्त मार्ग. कानातला बारा आकडी बिल्ला आधी कापायचा, म्हणजे मालक सापडत नाही.

हे करणारा माणूस कसाई नसतो. बहुतेक वेळा तो बैलपोळ्याला शिंगं रंगवणारा, पुरणपोळीचा घास भरवणाराच असतो. त्याची श्रद्धा कमी पडली म्हणून हे होत नाही. लिटरमागे पाच रुपये अनुदान मिळावं म्हणून, पुढे सात रुपये मिळावेत म्हणून सरकारच्या तोंडाकडे पाहायला लागलेल्या दूध उत्पादकाकडे न देणाऱ्या गाईला घालायला पेंड नसते.

बाजार अशा वेळी गप्प बसत नाही. कायदा एका दारातून आत आला की बाजार दुसऱ्या दाराने आपली सोय लावतो, आणि गेल्या दहा वर्षांत त्याने लावलेली सोय पाहण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट बैलांची. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या गाईंची संख्या अठरा टक्क्यांनी वाढून साडेचौदा कोटींवर गेली. त्याच गणनेत नर गोवंश तीस टक्क्यांनी घटून पावणेपाच कोटींवर आला. सात वर्षांत दोन कोटी नर कमी. महाराष्ट्रात तर एकूण गोवंशच सुमारे दहा टक्क्यांनी घटून एक कोटी चाळीस लाखांवर आला, तर म्हशी होत्या तेवढ्याच राहिल्या. बंदी संपूर्ण गोवंशावर, आणि घटला गोवंशच. याचं सगळं खापर बंदीवर फोडणं लबाडीचं होईल. ट्रॅक्टर आला, जमिनीचे तुकडे पडले, सालगडी मिळेना, आणि ऊसतोडीच्या फडात बैलगाडीशेजारी ट्रॅक्टरने ओढायची जुगाडं उभी राहिली. पण ट्रॅक्टरने बैलाचं काम काढून घेतलं आणि बंदीने त्याची उरलीसुरली किंमत. दोन्ही गेल्यावर गोऱ्हा जन्माला आला की त्याला दूध किती पाजायचं, हा प्रश्न गोठ्यात न बोलता सुटतो. त्याला कुणी मारत नाही. आईच्या सडाला चार घटका कमी सोडलं की पुरतं. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि के. एन. राज यांनी साठ-सत्तरच्या दशकात भारतातल्या गुरांवर जो वाद घातला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. दावणीला नर किती आणि माद्या किती जगतात हे पोथी ठरवत नाही, शेतकऱ्याची गरज ठरवते.

दुसरीकडे त्याच बैलाचा एक चुलतभाऊ लाखांत जातो. बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून पळणाऱ्या खिल्लार खोंडाचे भाव चढतच गेले. बक्षिसात थार, फॉर्च्युनर लागतात, बैलांची रील लाखो लोक बघतात. खिल्लार जात टिकवायला या शर्यतींनी खरोखर हातभार लावला आहे. सांगली-साताऱ्याकडे खिल्लार गाई पुन्हा दावणीला दिसतात त्या दुधासाठी नाहीत. पण शंभर खोंडांत पळणारा एखादा. बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय, हे कुणी रील करून दाखवत नाही.

दुधाच्या बाजूने शेतकऱ्याने शोधलेला उपाय जास्त थंड डोक्याचा आहे. नर जन्मालाच येऊ नये. लिंगवर्गीकृत रेतमात्रा, म्हणजे मादीच जन्मावी म्हणून निवडलेलं वीर्य, वापरली की साधारण नव्वद टक्के कालवडीच होतात. पूर्वी ती परदेशी तंत्रावर अवलंबून आणि महाग होती. ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांनी वाशीममध्ये तिच्या स्वदेशी तंत्रज्ञानाचं लोकार्पण केलं. याच्या पाचच दिवस आधी, ३० सप्टेंबरला, राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ दर्जा दिला होता. एकाच आठवड्यात गाईला मातेचा दर्जा आणि तिच्या पोटी मुलगा न होण्याची सरकारी सोय! मला यात विसंगती काढून टाळ्या मिळवायच्या नाहीत, मला हे तंत्र हवंच आहे. उपाशी मरणाऱ्या गोऱ्ह्यापेक्षा न जन्मलेला गोऱ्हा बरा. पण गोवंश वाचवण्याच्या घोषणेचा आणि गोवंशातला निम्मा वंश थांबवण्याच्या योजनेचा निधी एकाच खात्यातून निघतो, हे बोललं तरी पाहिजे.

आता ‘राज्यमाता’च्या त्या निर्णयातले पैसे पाहू. नोंदणीकृत गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला पन्नास रुपये. वर्षाचे अठरा हजार अडीचशे. भाकड झाल्यावर गाय आठ वर्षं जगली, तर एका गाईमागे एक लाख सेहेचाळीस हजार. हा सरकारने स्वतः मान्य केलेला किमान दर आहे, आणि सध्याच्या कडब्याच्या भावात तो पुरत नाही असं गोशाळावालेच सांगतात. याचा अर्थ एक भाकड गाय सांभाळण्याची किंमत काय, हे सरकारला ठाऊक आहे. मग तीच गाय शेतकऱ्याच्या दावणीला असेल तर ही रक्कम शून्य कशी होते?

शिवाय देशी ही अट आहे. रस्त्यावर फिरणारी जनावरं नीट बघा. त्यांत काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन आणि तांबूस जर्सी संकर किती असतात? दुधाचा धंदा संकरित गाईवर चालतो, म्हणून भाकडही जास्त त्याच होतात. कत्तलबंदी लावताना त्या गोवंश असतात. अनुदान देताना मात्र त्या परक्या होतात. आई म्हणायचं झालं तर वंशावळ तपासायची आणि कोंडवाड्यात घालायचं झालं तर सगळ्या सारख्या, हा न्याय मला तरी कळत नाही.

उत्तर प्रदेशाने आपल्या आधी हे सगळं भोगलं आहे. मोकाट जनावरांनी तिथली पिकं इतकी खाल्ली की शेतकऱ्यांनी त्यांना शाळांच्या आवारात कोंडलं. २०१९मध्ये सरकारने दारू आणि टोलवर गोकल्याण उपकर बसवला आणि २०२२च्या निवडणुकीत खुद्द पंतप्रधानांना भर सभेत मोकाट जनावरांवर तोडगा काढण्याचं आश्वासन द्यावं लागलं. गंमत अशी, की म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही हेच राज्य देशात पुढे आहे.

ती निर्यात हा या गोष्टीतला न बोलला जाणारा अर्धा भाग. भारतातून गोमांसाच्या निर्यातीला बंदी आहे, पण म्हशीचं बिनहाडाचं मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराकला जातं. २०१४-१५मध्ये ही निर्यात पावणेपाच अब्ज डॉलरच्या घरात होती, मग उतरली आणि अलीकडे पुन्हा चार अब्जांच्या आसपास आली आहे. जगाच्या बीफ बाजारात भारताचं नाव ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाच्या रांगेत घेतलं जातं ते याच म्हशींच्या जिवावर. आणि म्हणूनच म्हशीला तळाचा भाव आहे. म्हैस आटली तरी तिचे पैसे होतात. रेडकू नर निघालं तरी ते अगदीच फुकट जात नाही. गोठा बांधणारा तरुण आज गाय की म्हैस हा हिशेब करतो तेव्हा दुधाच्या फॅटच्या जोडीला हीही आकडेमोड असते. गाय वाचवायला काढलेला कायदा अशा रीतीने शेतकऱ्याला म्हशीकडे ढकलतो. २०२५च्या बहिष्काराचं गांभीर्य इथे होतं: गोरक्षकांच्या दांडगाईने म्हशीचाही तळ काढून घेतला, जिथे कायद्याची बंदी नाही.

समाजमाध्यमांवर अधूनमधून एका ब्राझिलियन गाईचा फोटो फिरतो. पांढरीशुभ्र, वशिंडाची, आंध्रातल्या ओंगोल वंशातून तिकडे वाढलेली नेल्लोर जातीची. लिलावात तिची किंमत चाळीस कोटी रुपयांच्या घरात ठरल्याच्या बातम्या आल्या होत्या. ‘बघा आपल्या देशी गाईचं मोल परदेशाला कळलं’ असा मजकूर त्याखाली असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं की नेल्लोर ही ब्राझीलची मांसाची जात आहे. तिला तो भाव आला कारण तिच्या वंशातल्या प्रत्येक खोंडाला ग्राहक आहे. तिकडे अमेरिकेतही गुरांची संख्या जानेवारी २०२५मध्ये ८ कोटी ६७ लाखांवर आली, १९५१नंतरची सर्वांत कमी, आणि बीफचे भाव भडकले. तिथला दूधवाला आता आपल्या काही गाईंना मुद्दाम मांसाच्या जातीचं रेत भरतो, कारण आठवड्याच्या वासराचेही त्याला शेकडो डॉलर येतात. आपल्याकडे तेच वासरू ओझं आहे. आपण अमेरिकेसारखं करावं, असं मी म्हणत नाही. त्यांचे धान्यावर पोसलेले गुरांचे कारखाने आपल्याला परवडणारही नाहीत आणि मला ते आवडतही नाहीत. पण किंमत जनावराच्या कपाळावर लिहिलेली नसते, ती त्याच्या शेवटाला मिळणाऱ्या भावावर उभी असते, हे दोन्हीकडे सारखंच खरं आहे.

बंदीच्या बाजूचा सर्वांत दमदार युक्तिवाद शेणाचा आहे. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातची बंदी उचलून धरली तेव्हा निकालात शेणाचं मोल कोहिनूरहून जास्त असल्याचं म्हटलं गेलं. हसण्यावारी नेऊ नका. शेणखताची ट्रॉली आज हजारांत विकली जाते आणि रासायनिक खतांनी जमिनी कशा झाल्या आहेत ते शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. म्हातारा बैलही शेण देतो, बरोबर. पण शेणाच्या पैशांत त्याची वैरण निघत असती तर त्याला हायवेवर कुणी सोडलं नसतं. ज्यांना हा हिशेब जमतो असं वाटतं त्यांनी भाकड जनावरं विकत घेऊन खताचा धंदा उभा करावा. मी पहिला अभिनंदन करेन.

श्रद्धेचा युक्तिवाद वेगळा आहे आणि तो मी खोडायला जाणार नाही. कोट्यवधी लोकांना गाय कापलेली चालत नाही, लोकशाहीत त्याला वजन असणारच. घटनेच्या ४८व्या कलमातही ते आहे. सावरकरांचं ‘उपयुक्त पशू’वालं मत या वादात दर वेळी दोन्ही बाजू एकमेकांना फेकून मारतात, त्याने आजवर एकाही गाईला वैरण मिळालेली नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. श्रद्धा सगळ्या समाजाची असेल तर तिचा खर्चही सगळ्या समाजाने करायला हवा. आपण रस्त्यासाठी जमीन घेतो तेव्हा मोबदला देतो. २०२२ला लम्पीने जनावरं मेली तेव्हा राज्याने गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार आणि वासरामागे सोळा हजार दिले. रोगाने गाय मेली तर भरपाई आहे. कायद्याने तिची किंमत मेली तर नाही.

म्हणून माझी मागणी अशी. बंदी ठेवायची असेल तर प्रत्येक तालुक्यात सरकारने भाकड गाय आणि निकामी बैल ठरलेल्या भावाने विकत घ्यावा, देशी असो की संकरित. लम्पीच्या भरपाईचे दर आधार म्हणून तयारच आहेत. पैसे खात्यात, जनावर सरकारच्या दावणीला. एवढा पैसा नाही, असं अर्थखातं म्हणणार, आणि ते खरंच असेल. तसं असेल तर विधिमंडळात उभं राहून तसं सांगावं आणि निदान बैलापुरता १९७६चा दाखल्याचा रस्ता पुन्हा उघडावा. गोव्यात भाजपचंच सरकार बाजारात बीफचा पुरवठा खंडित होऊ नये म्हणून व्यापाऱ्यांशी बोलणी करतं. राजकीय अडचण आहे, अशक्य काही नाही.

आणि एक गोष्ट तर उद्या सकाळी, एक रुपया न खर्चता करता येईल. आज पोलिसांनी जनावर जप्त केलं की ते मुद्देमाल होतं आणि खटला संपेपर्यंत गोशाळेत जातं. २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिथल्या चारापाण्याचा खर्च मालकाच्या माथी बसू शकतो. एखाद्याने बाजारातून रीतसर पावती करून दुभती गाय आणली, वाटेत चार पोरांनी संशयावरून गाडी अडवली, आणि गाय अडकली. महिनाभर तिची धार नीट निघाली नाही तर ती आटते, कास बिघडते. सहा महिन्यांनी निर्दोष सुटून मालक गोशाळेत पोचतो तेव्हा त्याच्या हातात भाकड गाय आणि चाऱ्याचं बिल पडतं. तेव्हा पावती आणि बिल्ल्याचा नंबर जुळला की जनावर त्याच दिवशी मालकाच्या ताब्यात द्यावं, पशुवैद्यकाची तपासणी ठाण्यातच व्हावी, आणि तक्रार खोटी निघाली तर चाऱ्याचं बिल गाडी अडवणाऱ्याच्या नावावर निघावं.